हातोडी फिरत नाही तिथे खिळा कसा ठोकावा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळ्याआधी घराची दुरुस्ती काढणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकाच अडचणीभोवती आहेत: खिळा ठोकायची जागा दिसते, पण तिथे हातोडी फिरत नाही. कोणतेही हत्यार विकत घेण्याआधी पट्टी घेऊन दोन मापे काढा. पहिले माप खिळ्याच्या डोक्यामागे, खिळ्याच्याच रेषेत किती मोकळी जागा आहे याचे. दुसरे माप डाव्या-उजव्या बाजूला किती जागा आहे याचे. जागा अडचणीची आहे एवढेच सांगून दुकानातून आणलेले हत्यार निम्म्या वेळा निरुपयोगी ठरते, कारण मागची जागा कमी असली तर एक हत्यार लागते आणि बाजूची कमी असली तर दुसरेच.

प्रश्न : आमच्या वाड्यात कडीपाटाचं, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत आहे. दोन कड्यांमध्ये दहा इंचांचं अंतर आहे. कडीच्या अंगाला एक इंच जाडीची सागवानी पट्टी तीन इंची खिळ्यांनी खालून, शिडीवर उभं राहून ठोकायची आहे. सुतार म्हणतो, हातोडी अर्धीसुद्धा मागे जात नाही, खिळे वाकतात. हवेवर चालणारं पाम नेलर नावाचं हत्यार असतं असं ऐकलं. ते इथे चालेल का? (कसबा पेठ)

चालेल. खरे तर ते अशाच जागेसाठी आहे.

आधी खिळे का वाकतात ते पाहू. हातोडीचा वेग निम्मा झाला की ठोक्यातली ताकद निम्मी होत नाही, चौथा हिस्सा उरते. दहा इंचांच्या खणात हातोडी जेमतेम चार-पाच इंच मागे जाते, तीही वाकड्या मनगटाने. अशा ठोक्याने खिळा आत सरकत नाही आणि तिरका मार बसून वाकतो. जुने सागवान वाळून टणक झालेले असते, त्याने अडचण आणखी वाढते.

पाम नेलर तळहातात मावते. उंची चार ते पाच इंच, वजन साधारण एक किलो. आत एक लहान दट्ट्या असतो आणि पुढच्या नळीत चुंबक असतो. सुटा खिळा नळीत अडकवायचा, टोक लाकडावर टेकवायचे आणि तळहाताने दाबायचे. दाब पडला की झडप उघडते आणि दट्ट्या कॉम्प्रेसरमधून (हवा दाबून देणाऱ्या यंत्रातून) येणाऱ्या हवेच्या जोरावर सेकंदाला साधारण ३० ते ४५ वेळा खिळ्याच्या डोक्यावर आपटतो. हात मागे घेतला की ठोके थांबतात. प्रत्येक ठोका लहान असतो, म्हणून मागे झोक्याला जागा लागत नाही आणि चुना-मातीच्या जुन्या गिलाव्याला घणाघाती हादरेही बसत नाहीत. तीन इंची खिळा, हत्यार आणि तळहात मिळून आठ इंच जागा धरा. तुमच्याकडे दहा इंचांतून पट्टीचा एक इंच वजा जाता नऊ उरतात, म्हणजे काम होईल.

खिळ्याची लांबी तुम्ही बरोबर धरली आहे. वरच्या पट्टीच्या तिप्पट लांब खिळा घेतला की दोन हिस्से खालच्या लाकडात जातात. तीन इंची, १० गेजचा खिळा घ्या. तो ३.२५ मिमी जाड असतो. त्याला २.५ मिमीच्या बिटाने आधी भोक पाडा, खोली पट्टी धरून दोन इंच. भोक पाडायलाही दहा इंचांच्या खणात साधे ड्रिल मावत नाही, त्यासाठी काटकोनी जोड लावा. हा टप्पा गाळू नका. जुन्या सागवानात भोक न पाडता पाम नेलर चालवले तर खिळा मध्येच अडतो, आपण जोर वाढवतो आणि कडीला चीर जाते. पट्टीच्या टोकापासून पहिला खिळा निदान सव्वा इंच आत घ्या. खिळ्याचे टोक ऐरणीवर हलके ठोकून बोथट केले तर तंतू फाकत नाहीत, तुटतात, आणि चीर पडण्याची भीती कमी होते. खिळ्याला साबण किंवा मेण चोळून घ्या.

खिळे गॅल्वनाइज्डच आणा. सागवानात साधे लोखंड ओलाव्याने काळे डाग सोडते आणि पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात जुन्या छतातले लाकूड दमट होतेच.

ठोकताना हत्यार खिळ्याच्या रेषेत धरा. पहिला अर्धा इंच हलक्या दाबाने जाऊ द्या. डोके लाकडाशी टेकले की लगेच हात सोडा, नाहीतर नळीचा गोल वळ पट्टीवर उमटतो. वरून धूळ आणि चुन्याचे कण पडतील, तेव्हा चष्मा हवाच. बंद खणात आवाज मोठा होतो, म्हणून कानांत बोळे घाला.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. कडी स्वतःच खाली झुकली असेल किंवा वाळवीने पोखरली असेल तर पट्टी ठोकून उपयोग नाही. पेचकसाचे टोक कडीत जागोजागी दाबून पाहा. ते सहज आत गेले तर काम थांबवा, खालून टेकू द्या आणि जाणत्या इंजिनिअरला दाखवा.

प्रश्न : माझ्याकडे मागे फक्त तीन इंच जागा आहे. पाम नेलरचं यापेक्षा लहान मॉडेल मिळेल का? (निगडी)

त्या मापात खिळ्याचा नाद सोडा. काटकोनी जोड लावलेले ड्रिल आणि आखूड बिट यांनी भोक पाडून स्क्रू पिळा. स्क्रूला मागे झोका लागत नाही. पाऊण इंचापर्यंतच्या चुका (बारीक खिळे) असतील आणि लाकडाची दुसरी बाजू हाताला लागत असेल, तर सी-क्लॅम्पने दाबून बसवता येतात. मागे लाकडाचा तुकडा ठेवा, चूक भोकात उभी करा आणि क्लॅम्पचा स्क्रू सावकाश पिळा.

प्रश्न : बाल्कनीच्या दाराची चौकट आणि पावसाच्या पाण्याचा पाइप यांच्यात तीन इंचांची फट आहे. फट सहा इंच खोल आहे आणि तळाशी पट्टी ठोकायची आहे. समोरून सगळं मोकळं आहे. दोन इंची खिळे. एवढ्यासाठी कॉम्प्रेसर घ्यायचा का? (कोथरूड)

अजिबात नको. तुमची मागची जागा भरपूर आहे, बाजूची कमी आहे. इथे नळी आणि दांडा हे साधे हत्यार उत्तम. ते घरी बनते आणि लागणारा माल बोहरी आळीत किंवा कोणत्याही पाइप-पट्टीच्या दुकानात मिळतो.

पाव इंची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पाइप, बी क्लास (मध्यम जाडीची), आठ इंच लांब घ्या. तिचा आतला व्यास साधारण ९ मिमी असतो. तिच्यात ८ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत लोखंडी दांडा) सैलसर सरकतो. साधी सळई घेऊ नका, ती खरबरीत असते आणि अडकते. बार दहा इंच कापा. जे टोक खिळ्यावर बसणार ते कानशीने अगदी सपाट आणि काटकोनात करा. ते तिरके राहिले तर प्रत्येक खिळा एकाच बाजूला कलेल. हातोडी बसणाऱ्या टोकाच्या कडा मात्र गोल करा. मार खाऊन तिथे लोखंड फुलते आणि त्याचे कण उडतात. फुललेले दिसले की पुन्हा कानस मारा. पाइपच्या दोन्ही तोंडांची आतली बुरी (कापताना राहिलेली धारदार कड) गोल कानशीने काढा.

आता बारवर खालच्या टोकापासून बरोबर आठ इंचांवर करवतीने बारीक खूण करा. ठोकताना ही खूण पाइपच्या वरच्या तोंडाशी आली की खिळ्याचे डोके लाकडाशी समपातळीत आले. फटीत डोकावून पाहता येत नाही, तेव्हा ही खूणच तुमचा डोळा. डोके आत दडवून वर लांबी (पुट्टी) भरायची असेल तर आणखी २ मिमी ठोका.

दोन इंची, १२ गेजचा खिळा २.६४ मिमी जाड असतो. त्याच्यासाठी लांब बिटाने २ मिमीचे भोक पाडून घ्या. इथे भोकाचे दुसरेही काम आहे. ९ मिमीच्या नळीत खिळा थोडा कलतो आणि त्याचे टोक पकडायला खड्डा लागतो. बारच्या टोकाला मुगाएवढे ग्रीस लावून खिळ्याचे डोके चिकटवा, नळीत सरकवा आणि टोक भोकात चाचपून बसवा. डाव्या हाताने नळी लाकडाशी घट्ट दाबून धरा. पहिले दोन ठोके हलके, मग अर्धा किलोची हातोडी सरळ मारा. सुरुवातीला बार नळीबाहेर चार इंच येईल, म्हणजे नळी धरून बारा इंच लांबी झाली. समोर मोकळे असल्याने त्याची अडचण नाही. हेच हत्यार कसबा पेठेतल्या वाचकांच्या खणात आडवे मावणार नाही.

बारच्या टोकाला लहान चुंबक चिकटवण्याचा सल्ला अनेकजण देतात. ते नाजूक चुंबक ठोक्याने फुटतात. ग्रीस पुरते.

प्रश्न : काचेच्या जुन्या तसबिरींना मागून प्लाय लावताना हातोडीने काच तडकते. फ्रेमच्या आतल्या कडेला चुका कशा बसवाव्यात? (सदाशिव पेठ)

ठोकू नका, दाबा. यासाठी ब्रॅड पुशर नावाचे हत्यार येते: मूठ, आत चुंबकी दांडी आणि दांडीभोवती स्प्रिंगवर मागे सरकणारी नळी. बारीक चूक नळीत टाकायची, फ्रेमला टेकवायची आणि मूठ दाबायची. नळी मागे सरकते, दांडी चूक आत ढकलते. पाऊण इंचापर्यंतच्या, १८ गेजच्या आसपासच्या बिनडोकी चुका मऊ लाकडात सहज जातात. सागवानी फ्रेम असेल तर आधी १ मिमीचे भोक पाडा, नाहीतर चूक नळीतच वाकेल आणि ती काढताना स्प्रिंग खराब होईल. फ्रेमची बाहेरची बाजू भिंतीला किंवा जड ठोकळ्याला टेकवून दाबा. ती मोकळी असली तर कोपऱ्यातले जोड उघडतात. चूक काचेला समांतर आणि काचेपासून निदान प्लायच्या जाडीइतकी दूर राहिली पाहिजे.

प्रश्न : आमच्या सुताराकडे एफ-३० गन (हवेवर चालणारी, बारीक चुका मारणारी बंदूक) आणि एक एचपीचा कॉम्प्रेसर आहे. त्याच कॉम्प्रेसरवर पाम नेलर चालेल का? परदेशातून एक आणलं, पण पाइपला जोडताना हवा गळते. (हडपसर)

चालेल. एक एचपी आणि २४ लिटरची टाकी पुरते, फक्त तीन इंची खिळे सलग ठोकताना दाब उतरतो. दाबाचा काटा ५ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) खाली गेला की थांबा, टाकी भरू द्या. ५ ते ७ किलो, म्हणजे साधारण ७० ते १०० पीएसआय, हा कामाचा दाब. हत्यारावर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. ऑक्सिजनचा किंवा दुसऱ्या कोणत्याही वायूचा सिलिंडर कधीही जोडू नका, स्फोट होतो.

गळतीचे कारण आट्यांत आहे. अमेरिकन हत्यारांना पाव इंची एनपीटी आटे असतात, इंचाला १८. आपल्याकडच्या फिटिंगला सहसा बीएसपी असतात, इंचाला १९, आणि आट्यांचा कोनही वेगळा: ६० ऐवजी ५५ अंश. दोन-तीन फेरे सुरळीत बसतात, म्हणून जुळले असे वाटते, मग अडतात. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी गळती राहते आणि जोर लावला तर हत्याराचे ॲल्युमिनियमचे आटे निघतात. एनपीटी ते बीएसपी असा पितळी ॲडॅप्टर लावा. तो तयार मिळाला नाही तर लेथवाल्याकडून करून घ्या.

एफ-३० गन ठेवाच. ती १० ते ३० मिमीच्या बारीक ब्रॅडसाठी, म्हणजे चुकांसाठी आहे. बीडिंग पट्टीला ती योग्य, भार घेणाऱ्या पट्टीला नाही.

प्रश्न : पाम नेलरने स्लॅबला खिळा मारता येतो का? (वाकड)

नाही. काँक्रीटमध्ये खिळा वाकतो किंवा उडतो आणि दट्ट्याचे टोक खराब होते. हॅमर ड्रिलने ६ मिमीचे भोक, प्लग आणि स्क्रू, हाच मार्ग.

प्रश्न : गेल्या वर्षी घेतलेलं पाम नेलर पावसाळ्यानंतर सुरूच होत नाही. दाबलं की फक्त हवा सुटते. (भोसरी)

दमट हवा दाबली की टाकीत पाणी साठते आणि ते पाइपमधून हत्यारात जाते. दट्ट्या गंजून चिकटला असेल किंवा रबरी ओ-रिंग कोरडी पडली असेल. हवेच्या तोंडात हवेच्या हत्यारांसाठी मिळणाऱ्या पातळ तेलाचे, म्हणजे आयएसओ ३२ ग्रेडचे, पाच-सहा थेंब टाका, रात्रभर उलटे ठेवा. सकाळी कमी दाबावर, ३ किलोपासून सुरू करत, टाकाऊ लाकडात उभ्या केलेल्या खिळ्यावर दाबून पाहा. चिकटलेला दट्ट्या बहुतेक वेळा असा सुटतो. तरीही हवाच सुटत असेल तर ओ-रिंगचा संच बदला. गंज सोडवणारे फवारे मारू नका, ते आतले वंगण धुऊन काढतात.

यापुढे रोज कामाच्या आधी तेलाचे दोन-तीन थेंब, काम संपल्यावर टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी काढणे आणि पावसाळ्यात कॉम्प्रेसरला पाणी गाळणारा फिल्टर, एवढे करा. पुढच्या नळीतल्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो. तो कापडाने पुसत राहा, नाहीतर खिळ्याचे डोके तिरके बसते.

प्रश्न : एवढं करूनही अडचणीच्या जागी खिळा अर्ध्यात वाकला तर काढायचा कसा? (सासवड)

पक्कड मावत असेल तर डोके पकडून पक्कड खाली ठेवलेल्या पातळ पट्टीवर टेकवा आणि बाजूला लोळवा, सरळ ओढू नका. मावत नसेल तर काढायच्या मागे लागू नका. हॅक्सॉचे सुटे ब्लेड घ्या, एका टोकाला जाड चिकटपट्टी गुंडाळून मूठ करा आणि लाकडाशी चपटे धरून खिळा कापा. खाली पत्र्याचा तुकडा ठेवला तर लाकडावर ओरखडा येत नाही. उरलेले बूड पंचने २ मिमी आत ठोका आणि एक इंच बाजूला, तंतूंच्या त्याच रेषेत न येईल असे, नवे भोक पाडा.