जुनं घर, नवा रंग आणि वाळवी: वाचकांचे प्रश्न

जुन्या घराची तपासणी या विषयावर या वेळी बरीच पत्रं आलीत, त्यातली चार घेतोय.

प्रश्न: नमस्कार. उपनगरात एक बैठं घर बघितलंय, साधारण ४० वर्षं जुनं, पण आतून बाहेरून नुकताच रंग मारलाय त्यामुळे दिसायला एकदम टकाटक आहे. मालक म्हणतात खुशाल तपासणी करून घ्या. आमच्या ह्यांचं म्हणणं, सगळं रंगाखाली झाकलंय तर तो माणूस येऊन बघणार काय? पैसे वाया जातील का?

उत्तर: ह्यांची शंका अर्धी बरोबर आहे. नवा रंग ओलीचे डाग, पोपडे, बारीक भेगा सगळं झाकतो. पण चांगला तपासणीवाला आधी घराबाहेर एक चक्कर मारतो, छपराचं पाणी कुठे पडतं, पन्हळीचा पाइप भिंतीच्या बुडाशीच सोडून दिलाय का, बागेची माती जोत्याच्या वर चढलीये का, आणि मग आत येऊन मॉइश्चर मीटर, म्हणजे भिंतीतली ओल मोजायचं यंत्र, लावतो, बाथरूमच्या पाठच्या भिंतीला तर नक्कीच. रंगाने डाग जातो, ओल कुठे जाते? हां, भिंतीत क्षार असले किंवा आत लोखंडी पाइप असला तरी मीटर जास्त आकडा दाखवतो, म्हणून शेजारच्या कोरड्या भागाशी ताडून बघायला लागतं. थर्मल कॅमेऱ्याचं पण लोकांना फार कौतुक असतं, पण त्यातून भिंतीच्या आतलं दिसत नाही, फक्त पृष्ठभाग कुठे गार कुठे गरम ते कळतं.

आता खरी गोष्ट. ही तपासणी बहुतेक वेळा डोळ्यांना दिसेल तेवढ्याचीच असते. भिंत फोडत नाहीत, फरशी उचलत नाहीत, कपाटं सरकवत नाहीत, वायरिंग तर बऱ्याचदा त्यात नसतंच, ते वेगळं बघून घ्यावं लागतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की फोटो नंतर बघा, आधी ‘या जागा तपासता आल्या नाहीत’ असं जिथे लिहिलंय ते वाचा. माळ्याचं झाकण उघडलं नाही, स्टोअररूममध्ये छतापर्यंत सामान होतं, मागच्या भिंतीला लाकडं रचलेली होती... वाळवी आणि कुज नेमकी अशाच ठिकाणी असते हो! लोक मात्र ‘मोठा दोष आढळला नाही’ एवढी एक ओळ वाचून सही करून मोकळे होतात. सही करायच्या आधी मालकाला सांगून त्या जागा रिकाम्या करून घ्या आणि त्याच माणसाला परत बोलवा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा, रिपोर्टात जपून लिहिणारा माणूस समोर उभं राहून विचारलं की बरंच मोकळं बोलतो.

प्रश्न: दाराच्या चौकटीवर मातीची बारीक नळी दिसली, थोडी खरवडली तर आत पांढरे किडे. घरात स्प्रे आहे, मारू का? मेहुणा म्हणतो मुंग्याच आहेत.

उत्तर: स्प्रे अजिबात मारू नका आणि आता खरवडणंही बंद. स्प्रेने समोर आहेत तेवढ्या मरतात, बाकीच्या ती वाट सोडून दुसरीकडून लाकडात घुसतात आणि येणाऱ्या माणसाला माग काढायला काहीच उरत नाही. नळीचा फोटो काढा, आहे तशी ठेवा, तपासणीवाल्याला बोलवा.

मेहुण्यांना सांगा, मुंगीची कंबर बारीक असते आणि मिशा कोपरातून वाकलेल्या असतात, वाळवीला कंबर अशी नसतेच आणि मिशा सरळ. पंखवाल्या दिसल्या तर वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मुंगीचे पुढचे मोठे. पण मातीची नळी आणि आत पांढरे किडे म्हणजे जमिनीतून येणारी वाळवीच धरून चाला, तिला कोरडी हवा सोसत नाही म्हणून ती असा बोगदा बांधून येते. त्यामुळे जवळपास पाणी कुठे मुरतंय तेही शोधा, गळका नळ, एसीचा पाइप, तुंबलेलं गटार. ते बंद केलं नाही तर औषध मारूनही ती परत यायची भीती राहते. नळी नसून लाकडाखाली नुसते बारीक टणक दाणे पडत असतील तर ती सुक्या लाकडातली वाळवी, तिला मातीची गरज नसते आणि तिचा इलाजही वेगळा.

प्रश्न: हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलीये, त्याचं टेन्शन आलंय. बाथरूमच्या स्लॅबलाही खालून एक लांब सरळ भेग आहे, थोडा तांबूस डाग पडलाय, पण ती जुनीच आहे.

उत्तर: मला त्या ‘जुनीच आहे’वालीचं टेन्शन जास्त आलं. तांबूस डाग म्हणजे बहुतेक आतली सळई गंजतेय, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो, आधी भेग मग तुकडे पडायला लागतात. वरून प्लास्टर मारून झाकू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, आणि वरच्या बाजूने पाणी झिरपतंय का तेही बघून घ्या.

खिडकीची भेग १ मिमीच्या आत असेल तर बहुधा प्लास्टरचीच, दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि काही महिने बघत राहा. ५ मिमीच्या पुढे गेली, एका टोकाला रुंद होत गेली किंवा दारं अडकायला लागली तर पाया खचत असू शकतो, मग थांबू नका.

प्रश्न: ज्या कंपनीने तपासणी केली त्यांनीच लगेच वाळवीच्या ट्रीटमेंटचं कोटेशन पाठवलंय. द्यावं का काम?

उत्तर: लगेच नको. वाळवी नेमकी कुठे सापडली त्याचे फोटो मागा, आत्ता जिवंत आहे की जुनं नुकसान आहे ते स्पष्ट विचारा आणि ट्रीटमेंट न विकणाऱ्या एखाद्या माणसाकडून एकदा बघून घ्या. काम दिलंच तर औषधाचं नाव, कुठे कुठे मारणार आणि वॉरंटी किती वर्षांची हे लिहून घ्या. वॉरंटीत बऱ्याचदा दरवर्षी तपासणी करायची अट असते, ती चुकवली किंवा नंतर भिंतीलगत खणून मातीत मारलेल्या औषधाचा पट्टा तोडला की मग कंपनी हात वर करते.