शंका-समाधान : पेशीत कॅल्शियम येतं कुठून?

प्रश्न : आईला (वय ६८) रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू आहे. त्याच्या माहितीपत्रकात ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ असं लिहिलंय. हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्याही चालू आहेत. एक गोळी दुसरीवर पाणी फिरवते का? आणि स्नायूंना कॅल्शियम लागतं, तर या औषधाने हातापायांतली ताकद का जात नाही?
— वाचक, मिरज

उत्तर : पाणी फिरत नाही. अ‍ॅम्लोडिपिन रक्तातलं कॅल्शियम कमी करत नाही, ते फक्त पेशीच्या पडद्यावरची कॅल्शियमची एक वाट, म्हणजे चॅनेल, अडवतं. रक्तात मोकळं कॅल्शियम साधारण १.१ ते १.३ मिलिमोलर असतं, तर विसावलेल्या पेशीच्या आत जेमतेम १०० नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे मिलिमोलरचा दहा लाखावा भाग). ही दहा हजार पटींहून मोठी तफावत पेशी ऊर्जा खर्चून सांभाळते. त्यामुळे चॅनेल क्षणभर उघडलं तरी आतली पातळी झपकन चढते, आणि हे चढणं हाच पेशीसाठी आदेश असतो. हाडांच्या गोळीने रक्तातली पातळी फारशी हलत नाही, कारण पॅराथायरॉइड ग्रंथी, मूत्रपिंड आणि हाडं मिळून ती धरून ठेवतात. या औषधाचा डोस चुकून फार जास्त गेला तर रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम देतात, पण ती गोष्ट वेगळी.

ताकदीचा प्रश्न जास्त गमतीचा आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशीत कॅल्शियम बऱ्याच अंशी बाहेरून, ‘एल-टाइप’ चॅनेलमधून येतं. ते अडलं की वाहिनी सैल पडते आणि दाब उतरतो. दंडाच्या स्नायूतही एल-टाइप चॅनेल असतं, पण तिथे त्याचं मुख्य काम व्होल्टेज ओळखण्याचं. विजेचा झटका आला की ते आपला आकार बदलतं आणि दोरी ओढावी तसं पेशीतल्या साठ्यावरचं रायनोडिन रिसेप्टर नावाचं दुसरं चॅनेल थेट उघडतं. कॅल्शियम साठ्यातूनच सुटतं, बाहेरून काही यावं लागत नाही. म्हणूनच बेडकाच्या पायाचा स्नायू कॅल्शियम नसलेल्या द्रावणातही काही काळ झटके देत राहतो.

हृदयाचं तसं नाही. तिथे आधी थोडं कॅल्शियम बाहेरून यावं लागतं, त्याच्या चाहुलीने साठ्यातलं भरपूर सुटतं. ब्रिटिश वैद्य सिडनी रिंगर यांना १८८३ मध्ये हेच दिसलं होतं. लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहायचं, ऊर्ध्वपातित पाणी वापरलं की आकुंचन मंदावून थांबायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

मग अ‍ॅम्लोडिपिनने हृदय का अडखळत नाही? अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधं, जो पडदा बराच वेळ अर्धवट विध्रुवित राहतो (म्हणजे ज्याच्या आतबाहेरचा विद्युतदाबाचा फरक कमी असतो), त्यातल्या चॅनेलला घट्ट चिकटतात. रक्तवाहिनीची पेशी उणे ५० मिलिव्होल्टच्या आसपास असते. हृदयाच्या निलयातली (खालच्या कप्प्यातली) पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये उणे ८० च्याही खाली जाते आणि तेव्हा औषधाची पकड सुटते. व्हेरापामिल या दुसऱ्या कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरचं गणित उलटं आहे. चॅनेल जितक्या वेळा उघडेल तितकं ते जास्त पकडतं, म्हणून नाडी मंदावते. बीटा ब्लॉकरबरोबर (हेही नाडी मंदावणारं औषध) ते घेणं धोक्याचं ठरू शकतं.

घोट्याला सूज आली तर ती अंगात पाणी साठल्याची असेलच असं नाही. धमनिका (अगदी बारीक धमन्या) सैल पडतात, पण शिरांच्या बाजूला तितका फरक पडत नाही. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून द्रव झिरपतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीने अशी सूज फारशी उतरत नाही, डोस कमी केला तर उतरते. तो निर्णय डॉक्टरांचा. औषधाचा अर्धायुकाल (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) ३० ते ५० तासांचा असल्याने परिणाम एका दिवसात ओसरत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : एचईके पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशी) फ्युरा-२ (कॅल्शियमला चिकटल्यावर चमक बदलणारा रंग) भरून एटीपी दिलं. बाहेरच्या द्रावणात कॅल्शियम नव्हतं, तरी ३४०/३८० गुणोत्तर (या दोन तरंगलांबींच्या प्रकाशात मिळणाऱ्या चमकेचं, कॅल्शियमबरोबर वाढणारं प्रमाण) चढलं. द्रावण चुकलं का?
— एमएस्सीची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. एटीपी पेशीवरच्या पी२वाय रिसेप्टरला लागतं, आत आयपी-३ हा निरोप्या रेणू तयार होतो आणि साठ्यावरचं आयपी-३ रिसेप्टर उघडतं. तेही कॅल्शियमचंच चॅनेल, फक्त आतल्या पडद्यावरचं. बाहेरून येणारं वेगळं पाहायचं तर साठा आधी रिकामा करा. शून्य कॅल्शियम आणि ०.५ ते १ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) असलेल्या द्रावणात १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन (साठ्यात कॅल्शियम परत भरणारा पंप अडवणारं रसायन) द्या. गुणोत्तर चढून पुन्हा तळाला आलं की २ मिलिमोलर कॅल्शियमचं द्रावण सोडा. दुसरी चढण दिसेल ती ओराय-१ या बाहेरच्या पडद्यावरच्या चॅनेलची. साठा आटल्याचं स्टिम-१ हे साठ्यावरचं प्रथिन ओळखतं आणि ते चॅनेल उघडतं.

चुका नेहमीच्याच होतात. नुसतं कॅल्शियम न घातलेलं द्रावण म्हणजे शून्य नव्हे, काचेतून आणि क्षारांतून काही मायक्रोमोलर येतंच, म्हणून ईजीटीए हवं. पण त्याच द्रावणात वरून कॅल्शियम टाकू नका. १ मिलिमोलर ईजीटीए तेवढंच कॅल्शियम गिळतं, शिवाय प्रत्येक आयनामागे सुमारे दोन प्रोटॉन सोडून पीएच उतरवतं. सरळ द्रावण बदला. ओराय अडवायला गॅडोलिनियम वापरणार असाल तर ईजीटीए पूर्ण धुऊन काढा आणि फॉस्फेटऐवजी हेपेस बफर घ्या, नाहीतर ईजीटीए आणि फॉस्फेटच गॅडोलिनियमला पकडतील आणि ते पेशीपर्यंत पोचणारच नाही.

रंग भरताना २ मायक्रोमोलर फ्युरा-२ एएम (पेशीत शिरू शकणारं त्याचं रूप), अंधारात, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं. ३७ अंशांना तो आतल्या कप्प्यांत शिरून बसतो. नंतर धुऊन आणखी २० ते ३० मिनिटं थांबा. आणि नुसत्या गुणोत्तरावर भिस्त ठेवू नका, दोन्ही आलेख सुटे पाहा. ३४० वर आणि ३८० खाली गेला तरच कॅल्शियम वाढलं म्हणायचं. दोन्ही एकाच दिशेने सरकले तर फोकस हलला किंवा पेशी सुटल्या.

प्रश्न : सांधेदुखीच्या मिरचीच्या मलमाने आधी आगच होते. मग दुखणं कमी कसं होणार?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : मिरचीतलं तिखट द्रव्य कॅप्सेसिन चेतातंतूंवरच्या ज्या टीआरपीव्ही-१ चॅनेलला उघडतं, तेच चॅनेल ४३ अंशांवरच्या उष्णतेनेही उघडतं, म्हणून मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये ते शोधलं आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. त्यातून आत शिरलेलं कॅल्शियमच पुढे त्या चॅनेलला बोथट करतं, पण त्यासाठी ०.०२५ ते ०.०७५ टक्क्यांचं मलम दिवसातून तीन-चारदा, काही आठवडे नेमाने लावावं लागतं. मधूनच आठवण झाली की लावलं, तर दर वेळी फक्त आगच पदरी पडते. फुटलेल्या कातडीवर लावू नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे डोळ्यांना हात लावण्याआधी साबणाने धुवा.