थर्मोप्लास्टिक कॉम्पोझिटला (तापवल्यावर वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये बसवलेले तंतूंचे थर) शिवण घातल्याने ते खरंच मजबूत होतं का?

होतं, पण मुख्यतः जाडीच्या दिशेने. लॅमिनेटमध्ये, म्हणजे एकावर एक थर रचून केलेल्या तक्त्यात, दोन थरांना फक्त प्लास्टिक धरून ठेवतं. आघात बसला की भेग तिथूनच धावते आणि थर सुटतात. आरपार गेलेला दोरा ती भेग उघडू देत नाही. मात्र सुई तंतू बाजूला सारते, काही तोडते, त्यामुळे थरांच्या प्रतलातली ताकद थोडी घटते. म्हणून टाके उगाच दाट घालू नका.

दोरा निवडताना आधी तापमान बघा. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतं, तिथे पॉलिस्टरचा दोरा चालतो. पीक (PEEK) हे प्लास्टिक ३४३ अंशांना वितळतं. तिथे काचेचा किंवा कार्बनचा दोरा लागतो, आणि कार्बनचा दोरा सुईच्या नेढ्यात घासून पिंजतो. शिवाय पीक मुळातच चिवट, त्यामुळे फायदा तुलनेने कमी दिसतो.

बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते वेगळंच. प्लास्टिकचे धागे मिसळून विणलेलं कापड फुगीर असतं. प्रेसमध्ये त्याची जाडी बरीच उतरते, ताठ घातलेला टाका सैल पडून नागमोडी होतो आणि भार उशिरा घेतो. शिवण्याआधी कापड दाबून घ्या, आणि बॉबिनच्या दोऱ्याची गाठ पृष्ठभागावरच राहील असा ताण ठेवा.