जुना दागिना गाळल्यावर वजन कमी का भरतं? गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारा, सोनं काढून घेतो का?

गलाईवाल्याच्या घरात वाढलोय, म्हणून स्पष्ट सांगतो: घट आली म्हणजे चोरी झाली, असं होत नाही.

आमचं गाव विट्याजवळ. खानापूर-आटपाडीकडे पाऊस कमी, शेतीवर भागेना, म्हणून घराघरातली पोरं गलाईला परमुलखात गेली. माझे वडील तमिळनाडूत होते. एका दिवाळीला ते गावी आले तेव्हा आत्यानं तिची बोरमाळ गाळायला दिली. अंगणातच भट्टीवर मूस, म्हणजे धातू गाळायचं भांडं, ठेवली, टाकणखार (बोरॅक्स) टाकला. आधी लाखेचा काळा धूर निघाला. गाळलेल्या सोन्याची लगडी तोलली, तर वजन बरंच कमी. आत्याचे मिस्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "मेव्हण्यानंच हात मारला." वडील गप्प बसले. आत्याचं माहेरी येणं त्या दिवाळीपासून बंद झालं. वडील आता नाहीत, म्हणून उत्तर मी देतो.

बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख भरलेली. ती जळणारच. जुन्या दागिन्यांत सांधे जोडायला अनेकदा केडीएमचं झाळण वापरलेलं असतं: साधारण ९२ भाग सोनं, ८ भाग कॅडमियम हा धातू. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि कॅडमियम ७६७ लाच उकळून हवेत जातं. त्याची वाफ विषारी, आणि आमची माणसं त्याच धुरात जन्म काढतात. सोनं उकळायला २८०० च्या वर अंश लागतात, त्यामुळे मुशीतून ते उडत नाही.

शुद्ध करायला दिलंत तर आणखी घट येते. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के, १० ग्रॅमचे ९.१६च होणार. सोन्यात चांदी मिसळून ते तेजाबात (नायट्रिक आम्लात) उकळतात. चांदी-तांबं विरघळतं, तळाला तपकिरी भुकटी राहते. गिऱ्हाईक ती बघून हबकतं, माती झाली म्हणतं. तेच चोख सोनं. पुन्हा आटवलं की पिवळं धमक.

माझ्या मते चोर तो, ज्यानं मण्यांतली लाख सोन्याच्या भावानं विकली. आत्याच्या मिस्टरांनी बोरमाळ घेताना लाखेचं वजन वजा करून घेतलं होतं का, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

हां, लबाड गलाईवालेही आहेत. मुशीला चिकटलेलं सोनं आणि भट्टीचा कचरा ते ठेवून घेतात. म्हणून समोर उभे राहा, मूस फोडून दाखवायला सांगा. आणि जुनी पावती असेल तर आधी ती काढून वाचा, मग कुणाचं नाव घ्या.