ग्रामपंचायतीत महानेटची केबल आली, मग घरात इंटरनेट का येत नाही?

प्रश्न असा आहे: 'आमच्या ग्रामपंचायतीत महानेटची केबल येऊन दोन-तीन वर्षं झाली, भिंतीवर पेटीही लावलीय. तरी गावातल्या घरांना कनेक्शन मिळत नाही. योजना फसली का?'

फसली म्हणणारे आणि 'ग्रामपंचायत जोडली' म्हणून कागदावर टिक मारणारे, दोघांचीही समजूत एकच: केबल पोहोचली की काम संपलं. केबल टाकणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. ती पाच पावसाळे चालती ठेवणं हे काम, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय.

महानेट म्हणजे ग्रामपंचायती फायबर केबलने जोडण्याच्या केंद्राच्या 'भारतनेट' योजनेचा महाराष्ट्राने स्वतःकडे घेतलेला टप्पा. आधी भिंतीवरच्या पेटीबद्दल. तिच्यात जो ओएनटी आहे, म्हणजे फायबरमधला प्रकाश घेऊन इंटरनेट देणारं टोकाचं यंत्र, तो नळाच्या तोटीसारखा. पाइपलाइन तिथे संपते. त्याला राउटर लावून कार्यालयात आणि आवारात वायफाय मिळेल, पण त्यातून घरोघर फाटे काढता येत नाहीत. घरांसाठी केबलमधल्या रिकाम्या फायबर (प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या तारा) वापरून गावात वेगळा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेकांत वाटणारा तुकडा, बसवावा लागतो, तिथून प्रत्येक घराला ड्रॉप केबल (घरापर्यंतची बारीक केबल), आणि प्रत्येक घरात स्वतंत्र ओएनटी.

'मग आहे त्याच लाइनवर आणखी एक स्प्लिटर लावा की,' असं गावातले केबलवाले हमखास म्हणतात. हिशोब करून बघा. जीपॉन म्हणजे एका फायबरचा प्रकाश स्प्लिटरने वाटून अनेकांना इंटरनेट देण्याची ही पद्धत. तिच्या नेहमीच्या बी-प्लस वर्गात तालुक्यातल्या ओएलटीपासून (जिथून प्रकाश सोडतात ते मुख्य यंत्र) घरापर्यंत एकूण २८ डीबी लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, चालतो. अंतर १४ किलोमीटर असेल तर किलोमीटरला ०.३५ धरून ४.९ गेले. वाटेत आधीच १:८ चा स्प्लिटर असेल तर १०.५. चार कनेक्टरांचे २, दहा जॉइंटचा १. झाले १८.४. आता गावात दुसरा १:८ लावला की आणखी १०.५, म्हणजे २८.९. लाइन नवी कोरी असतानाही बसत नाही. म्हणून एकतर तालुक्यापर्यंत सलग वेगळी फायबर द्यायची, नाहीतर गावातच छोटा ओएलटी बसवायचा. हे करणारा कोणीतरी माणूस किंवा कंपनी लागते, जी बिल घेईल आणि तक्रारीला धावेल. भारतनेटच्या आताच्या योजनेत हे काम स्थानिक 'उद्यमी'कडे देतात, त्याला महिन्याच्या वसुलीत वाटा असतो. तुमच्या गावात असा कोणी नेमलाय का, हा पहिला प्रश्न बीएसएनएलच्या तालुका कार्यालयात विचारा. नसेल तर गावातला केबलवालाच त्यासाठी सगळ्यात योग्य माणूस. त्याच्याकडे शिडी आहे, आणि कोणाच्या गच्चीवरून वायर नेता येते हे त्याला माहीत आहे.

पण घरांना फाटे काढण्याआधी मुख्य लाइन जिवंत हवी, आणि खरं दुखणं तिथेच आहे. ओएनटीवरचे दिवे बघा. पॉवरचाच दिवा बंद असेल तर फायबरला दोष देऊ नका. कितीतरी ग्रामपंचायती केवळ एवढ्यासाठी 'बंद' दिसतात की शिपाई संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच पाडून जातो, किंवा थकबाकीमुळे वीजच तोडलेली असते. एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) दिवा लाल असेल तर प्रकाश पोहोचत नाही: केबल तुटलीय किंवा पॅच कॉर्ड (पेटीतली छोटी जोड-केबल) निघालीय. पॉनचा (ओएलटीशी जोडणीचा) दिवा नुसताच लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण एकतर तो फार क्षीण आहे, नाहीतर ओएनटीची नोंद ओएलटीवर झालेली नाही. पॉन स्थिर आणि तरी इंटरनेट नाही, तर दोष वर सेटिंगमध्ये आहे. गावात खोदून काही मिळणार नाही.

लुकलुकणारा पॉन सगळ्यात त्रासाचा. असं एक प्रकरण हाताळलंय, ते सविस्तर सांगतो, कारण अर्ध्या महाराष्ट्रातल्या लाइनी याच पद्धतीने मरतात.

तक्रार होती, 'दिवसा मध्येमध्ये जातं, रात्री चालतं.' ओएनटीपाशी प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला तर उणे २६ डीबीएम. उण्याचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण. बी-प्लसचा ओएनटी उणे २७ पर्यंत कसाबसा टिकतो. वरच्या हिशोबाप्रमाणे ओएलटीतून अधिक ३ निघत असेल तर इथे उणे १५-१६ यायला हवेत. दहा डीबी गेले कुठे? आधी कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, एक डीबी परत मिळाला. बाकीचे मिळेनात, म्हणून ओटीडीआर लावला. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाश सोडून किती अंतरावर किती लॉस होतो याचा आलेख काढतं. तो ग्रामपंचायतीच्या टोकाकडून लावायचा, कारण स्प्लिटरच्या पलीकडचं चित्र गढूळ येतं. आणि त्याआधी स्प्लिटरकडचं टोक काढून ठेवायचं, नाहीतर ओएलटीचा प्रकाश मोजणीत घुसतो. म्हणजे तिकडे एक माणूस हवा.

आलेखावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली, जॉइंट हवे होते त्यापेक्षा बरेच जास्त. केबल एका ठिकाणी तुटली की नुसतं टोकाला टोक जोडता येत नाही, मध्ये तुकडा घालावा लागतो. म्हणजे एका कटमागे दोन जॉइंट. नीट केले तर दोन्ही मिळून ०.२ डीबी. भर पावसात, बोथट क्लीव्हरने (फायबर कापायचं हत्यार), धुळीच्या हातांनी केले तर सहज १ डीबी. सहा कट असे उरकले की सहा डीबी गेले. त्या दिवशी लाइन 'दुरुस्त' होते, कट बंद झाल्याची नोंद होते, पण शिल्लक संपत आलेली असते.

दुसरी गोष्ट ६.८४ किलोमीटरवर. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला तिथे ०.६ डीबी लॉस, १५५० च्या प्रकाशाला तब्बल ५. दोन्हीला सारखाच दिसला असता तर जॉइंट खराब म्हटलं असतं. १५५० ला इतका जास्त, म्हणजे फायबर कुठेतरी वाकलीय किंवा दबलीय. ओएनटीकडे येणारा प्रकाश १४९० चा असतो, त्यामुळे त्यालाही चांगलाच फटका बसतो. दिवसा जाण्याचं कारणही हेच: वरून वजन गेलं की आणखी दबते.

मग दुरुस्तीच्या टोळीने मोटरसायकलच्या मीटरवर ६.८ किलोमीटर मोजले आणि खोदलं. डक्ट (केबल ज्यातून जाते तो पाइप) शाबूत. वीस मीटर पुढे खोदलं, तिथेही शाबूत. यंत्र खोटं ठरवून मंडळी परत.

यंत्र बरोबर होतं. ओटीडीआर फायबरची लांबी सांगतो, रस्त्याची नाही. केबलच्या आत फायबर ट्यूबमधून पीळ घेत जाते, त्यामुळे ती केबलपेक्षा साधारण एक टक्का लांब. शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये (जॉइंट ठेवायचा जमिनीतला खड्डा) जॉइंटच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचं वेटोळं ठेवलेलं असतं. म्हणून सुरुवातीपासून मोजायचंच नाही. दोषाच्या सगळ्यात जवळचा, जागा माहीत असलेला जॉइंट पकडायचा. इथे तिसरा जॉइंट आलेखावर ६.०६ ला होता आणि त्याचं चेंबर रस्त्याकडेला दिसत होतं. फरक ७८० मीटर. त्यातून वेटोळ्याचे १० आणि पिळाचे ८ वजा: ७६०-७६२. चेंबरपासून चाकाने मोजलं तर बरोबर एका मोरीवर. सरळ हिशोबाने ही जागा ग्रामपंचायतीपासून ६.७ किलोमीटरवर येते, म्हणजे टोळीने जवळजवळ १०० मीटर पुढे खोदलं होतं.

मोरीवर काय होतं? डक्ट १६५ सेंटिमीटर खोल हवी. मोरीवर तेवढी खोली मिळत नसेल तर लोखंडी पाइपात घालून वर काँक्रीट टाकायचं. इथे ती उघडीच, ४० सेंटिमीटरवर होती. रस्ता रुंद करताना त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवलेला. डक्ट चपटी झाली, आतली केबल तुटली नाही, नुसती चेपली. तुटली असती तर तासाभरात सापडली असती. चेपलेली केबल महिनोन्महिने छळते.

आता धंद्यातला जुना वाद. आमच्यातले निम्मे लोक म्हणतात, खोदलंच कशाला? आंध्रने विजेच्या खांबांवरून नेली, केरळनेही के-फोन या सरकारी इंटरनेट जाळ्यासाठी वीज मंडळाचे खांब वापरले. खांबावरची केबल डोळ्यांनी दिसते, दोष दहा मिनिटांत सापडतो. मला हे कधीच पटलेलं नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडमधले आडवे झालेले खांब आठवा. वीज गेली त्याच दिवशी इंटरनेटही गेलं असतं, आणि खांब उभा राहीपर्यंत केबलवाल्याला नुसतं बघत बसावं लागलं असतं. 'जमिनीखालची केबल जेसीबी तोडतो' हे खरं, पण तोडतो कोणती? रस्त्याच्या कामाला १६५ सेंटिमीटरवरची केबल सहसा लागत नाही. लागते ती साठ सेंटिमीटरवर उरकलेली. दोष खोदण्याचा नाही, न खोदण्याचा आहे. मोजमाप पुस्तकात १६५ लिहून प्रत्यक्षात त्याच्या निम्मं खोदलं, हे ज्याला चर भरण्याआधी फूटपट्टी लावून बघता आलं नाही, त्याने खांबांची वकिली करू नये.

आणि नोंद. कुठल्या मोरीवर किती खोल, कुठल्या चेंबरमध्ये किती मीटर वेटोळं, जॉइंट कुठे, याचा नकाशा ग्रामपंचायतीत असायला हवा. मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' ॲप काढलं, खोदण्याआधी केबलवाल्याला कळवायला. चांगली सोय आहे, पण केबलची खरी जागा कोणी त्यात भरलेलीच नसेल तर खोदणाऱ्याने कळवून काय होणार?

राज्यात दोन टप्प्यांच्या लाइनी आहेत, हे आधीच सांगायला हवं होतं. राष्ट्रीय योजना २०११ ची, २०१५ ला तिचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यात जवळच्या जुन्या फायबरपासून पुढे नवी केबल नेली, एकेरी. मध्ये तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. २०१७ ला मंजूर झालेला दुसरा टप्पा महाराष्ट्राने स्वतःकडे घेतला, तोच महानेट. साडेबारा हजारांच्या आसपास ग्रामपंचायती त्यात येतात. २०२३ च्या सुधारित योजनेत रिंग आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसरीकडून चालते, आणि दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच धरलेली आहे. वरचे सगळे आकडे जीपॉनचे आहेत. तुमच्या पेटीत ओएनटीऐवजी रिंगमधला राउटर असेल तर दिव्यांचे अर्थ वेगळे.

आणि खांबांबद्दल एवढं कबूल करतो: धडगाव, भामरागडसारख्या डोंगर-जंगलात, जिथे खडक फुटत नाही आणि वनखात्याची परवानगी लांबते, तिथे खांबावरूनच न्यावी. कोकणातल्या जांभ्यात १६५ चा हट्ट धरण्यातही अर्थ नाही. तिथे कमी खोल, पण पाइप आणि काँक्रीट घालून. काँक्रीट मात्र खरंच घालून.

तुम्ही एवढं करा. दिव्यांचा फोटो सकाळी, दुपारी आणि रात्री काढा. दुरुस्तीवाला आला की ओएनटीवर किती डीबीएम येतात ते विचारून त्या पेटीच्या दारावरच तारखेसह लिहून ठेवा. दर दुरुस्तीनंतर पुन्हा लिहा. आकडा उणे २४ च्या खाली गेला असेल तर 'लाइन चालू झाली' या कागदावर सरपंचांना सही करू देऊ नका.