पूर थांबवायचा की नाही?

प्रश्न : ताई, मी आणि माझा मित्र सुट्टीत एक पझल गेम करतोय. पुण्यातला जुना वाडा, आता पाडायला काढलेला, आणि त्यातला नातू एका दारातून थेट १२ जुलै १९६१ च्या सकाळी जातो, म्हणजे पानशेतच्या पुराच्या दिवशी. स्टोरी सगळ्यांना आवडते पण ज्यांना खेळायला दिला ते म्हणतात पझल्स उगाच मध्ये घुसडलीयेत, कुठली वस्तू कुठे वापरायची ते नुसतं चाचपडत बसावं लागतं. शिवाय शेवटी त्याने पूर थांबवावा का, यावर आमचं दोघांचं जमतच नाहीये. काय करू?

उत्तर : आधी पुराचं बोलते, कारण सगळं तिथेच अडलंय. पूर थांबवू नका. पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर आलं, तेही धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. एका पोराने जाऊन हे थांबवलं म्हटलं तर कुणालाच पटणार नाही, आणि त्या दिवशी ज्यांची माणसं, घरं गेली ते लोक आजही आहेत, त्यांच्यासमोर हे एका बटणाने पुसून टाकणं मला तरी बरं वाटत नाही. आणि पूर थांबला तर नातवाला वाड्यात काही कामच उरत नाही ना! पाणी येणार हे नक्की, हातात वेळ थोडा, मग काय वाचवायचं? हीच तुमची स्टोरी आणि हेच तुमचं पझल.

आता घुसडल्यासारखं का वाटतं. काळाचा नियम तुम्ही ठरवलेला दिसत नाहीये. नियम एकच ठेवा आणि तो पहिल्या पाच मिनिटांत खेळणाऱ्याला स्वतःच्या हाताने कळू दे, उदाहरणार्थ, १९६१ मध्ये वस्तू जिथे ठेवली तिथेच ती आज सापडते, पण मधल्या साठ-पासष्ट वर्षांत तिचं जे व्हायचं ते झालेलं असतं. १९९३ चा ‘डे ऑफ द टेन्टॅकल’ मिळाला तर नक्की खेळ. त्यात दोनशे वर्षांपूर्वीच्या काळात अडकलेला एक जण टाइम कॅप्सूलमध्ये, म्हणजे पुढच्या पिढ्यांनी उघडायच्या बंद पेटीत, वाइनची बाटली ठेवतो आणि भविष्यातली मैत्रीण कॅप्सूल उघडते तेव्हा त्या वाइनचा व्हिनेगर झालेला असतो. वाइन आंबते हे आपल्याला घरूनच माहीत असतं, म्हणून उत्तर सापडल्यावर ‘अरे हो की!’ असं होतं.

तुमच्या वाड्यात हेच करून बघू. समजा आजोबांची कागदपत्रं खालच्या कोठीच्या खोलीत आहेत, तिथे पाणी भरणार. खेळणारा साहजिकच ती उचलून माडीवर, माळ्यावर नेऊन ठेवेल, आजच्या काळात परत येऊन माळा उघडेल आणि तिथे वाळवीने खाल्लेला भुगा. पुरातून वाचली पण वाळवीतून नाही. इथे खेळणारा चिडत नाही, कारण का हरलो ते त्याला समोर दिसतं, मग तो परत जातो आणि आजीचा घट्ट झाकणाचा पितळी डबा शोधतो. पण डबा फराळाने भरलेला आहे आणि आजी तो रिकामा करू देत नाही, कारण पूर येणार हे तिला कुठे माहितीये! आता तिचं मन वळवायचं, म्हणजे तिच्याशी बोलायचं, आणि बोलता बोलता तुमची स्टोरी आपोआप पुढे सरकते. संवाद वेगळे, पझल वेगळं असं काही राहतच नाही.

ही साखळी उलटी लिहायची, शेवटाकडून. कागद मिळाले, त्यासाठी काय लागलं, डबा, डब्यासाठी काय, आजीची परवानगी, असं मागे मागे येत एक तक्ता काढा. ‘मॅनिअक मॅन्शन’ हा गेम बनवणारे रॉन गिल्बर्ट असेच तक्ते वापरतात. तक्ता सगळा एकाच सरळ रेषेत उतरला तर समजा की खेळणारा एका जागी अडकला की गेम बंदच करणार, म्हणून दोन-तीन धागे एकाच वेळी मोकळे ठेवा.

पाणी आलं की पुन्हा सकाळ, असं लूप करायचं असेल तर ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) बघा. तिथे दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो, सगळं पहिल्यासारखं होतं, टिकतं ते फक्त कळलेलं आणि यानातल्या नोंदवहीत लिहिलेलं. तसं काहीतरी नोंदीचं साधन द्याच, नाहीतर दोन दिवसांनी गेम परत उघडणारा सगळं विसरलेला असतो. आणि एकदा सोडवलेलं पझल दर फेरीत नव्याने करायला लावू नका, प्लीज, लूपच्या गेममध्ये माणसं सगळ्यात जास्त तिथेच कंटाळतात.

गोडो वगैरे गेम बनवायचं सॉफ्टवेअर उघडायची घाई नको. आधी वाड्याचा नकाशा कागदावर, वस्तू चिठ्ठ्यांवर, आणि एखाद्या मैत्रिणीला खेळायला बसव. तू शेजारी बस पण एक अक्षर बोलू नको, ती कुठे थांबते तेवढं लिहून घे. वस्तूंची यादी मात्र घरबसल्या बनवू नका, पूर बघितलेले आजी-आजोबा ओळखीत निघतीलच, त्यांना विचारा की त्या दिवशी घरातून निघताना आधी काय उचललं आणि काय राहून गेलं.