रेडिओ आणि ऑनलाइन मीडियामुळे इस्लामी धार्मिक-राजकीय चर्चा खरंच बदलते का?

हो, आणि पाकिस्तानातलं स्वात खोरं बघा. तिथे तालिबानचा स्थानिक म्होरक्या मौलाना फजलुल्लाह याने बेकायदा एफएम रेडिओ चालू केला, लोक त्याला 'मुल्ला रेडिओ'च म्हणायचे. सुरुवातीला नमाज, कुराण असलं साधं बोलणं, त्यामुळे मशिदीत न जाणाऱ्या बायकापण घरबसल्या ऐकायच्या, कित्येकींनी दागिने काढून दिले. मग हळूहळू पोलिओ डोस नको, मुलींची शाळा नको, असं सुरू झालं, आणि विरोध करणाऱ्यांची नावं रेडिओवर घ्यायचे, ही दहशत मला सगळ्यात भयंकर वाटते. २००९ च्या जानेवारीपासून मुलींच्या शाळांवर बंदी, तीपण रेडिओवरच जाहीर केलेली. त्याच महिन्यात ११ वर्षांची मलाला बीबीसी उर्दूच्या साइटवर 'गुल मकई' नावाने डायरी लिहायला लागली, आणि जगाला तिथलं खरं कळलं ते त्यातून.